‘खटला चालवू नये’

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या तळाशी तीन शब्द उलटे कोरले आहेत : ‘खटला चालवू नये’. पोलिसांनी आणलेल्या ज्या प्रकरणावर सरकारी वकील मला उमटवत, ते प्रकरण न्यायालयात जात नसे.

सुरुवातीला मी महिन्यातून एखाद्या वेळीच शाई चाखायचो. मग नवे सरकारी वकील साहेब आले. खुनाचे खटले वर्षानुवर्षं रखडले होते, म्हणून त्यांनी ठरवलं की किरकोळ चोऱ्यांमागे वेळ घालवायचा नाही. हेतू वाईट नव्हता. पण कागद न वाचताच मी धडाधड उमटू लागलो. टेबलं रिकामी झाली. सगळे माझं कौतुक करत आणि मीही फुशारून जायचो.

एके दुपारी एक शिवणकाम करणारी बाई आली. तिचं दुकान तिसऱ्यांदा फुटलं होतं.

कारकून म्हणाला, “ताई, मी तरी काय करू? साहेबांचं धोरणच आहे तसं.”

“ते धोरण माझं दुकान फोडणाऱ्यांनाही पाठ झालंय,” ती म्हणाली. “आमच्या गल्लीतली चार दुकानं बंद झाली. मी मात्र हलणार नाही.”

तिच्या अर्जावरही मीच उमटलो. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या वर्षी साहेबांच्या जागी एक वकील बाई आल्या. त्यांनी आल्या आल्या मिटवलेली प्रकरणं कपाटातून काढायला लावली. टेबल पुरेना, तेव्हा पदर खोचून त्या कारकुनासोबत जमिनीवर बसल्या आणि गल्लीवार कागद मांडू लागल्या. आठवडाभर हेच चाललं. चोर बहुतेक वेगवेगळे होते, पण चोरीचा माल घेणारा भंगारवाला एकच निघाला.

“पहिल्यांदा चुकलेल्याला समज देऊन सोडू,” बाई म्हणाल्या. “पुन्हा पुन्हा फोडणाऱ्यांवर आणि या भंगारवाल्यावर खटला.”

“कामाचा डोंगर होईल, मॅडम.”

“होऊ दे. वाचायला मी बसले आहे ना.”

भंगारवाल्याच्या माणसांनी शिवणवाल्या ताईंना साक्ष देऊ नका म्हणून धमकावलं. त्या तरीही न्यायालयात साक्षीला उभ्या राहिल्या. भंगारवाल्याकडे सापडलेलं त्यांचं शिलाई मशीन समोर ठेवलं होतं; त्याचं पायडल त्यांनी पूर्वी स्वतः सायकलच्या तारेने बांधलं होतं. ती गाठ कुठे आणि कशी मारली आहे, हे त्यांनी न बघता सांगितलं. भंगारवाल्याला शिक्षा झाली.

वर्षभरात त्या गल्लीतल्या चोऱ्या निम्म्याहून कमी झाल्या. लोक बाईंचं अभिनंदन करायला आले, तर त्या म्हणाल्या, “रस्त्यावरचे दिवेही दुरुस्त झालेत. सगळं श्रेय मला देऊ नका.”

मी मात्र खणात पडलो. रबर वाळलं, कडा झिजल्या. वाटलं, आता आपण कचऱ्यातच जाणार. पण परवा बाईंनी मला बाहेर काढून पुसलं. आजारी आईसाठी एका माणसाने दुकानातून घोंगडी उचलली होती. बाईंनी कागद दोनदा वाचला, दुकानदाराशी फोनवर बोलल्या, मग मला हळूच टेकवलं आणि खाली स्वतःच्या हाताने कारण लिहिलं. इतकं नेमकं मी आजवर उमटलो नव्हतो.

मित्रांनो, मला फेकून देऊ नका. माफ करायलाही कुणीतरी लागतं. पण मला उचलण्याआधी कागदावरची नावं वाचा. त्यातलं एक नाव अशा माणसाचं असतं, ज्याला उद्या सकाळी पुन्हा दुकान उघडायचं असतं.