शेजारणीची वाटी

मित्रांनो, माझ्या अंगावर सात पोचे आहेत, कल्हई उडाली आहे आणि बुडाशी 'जाईबाई' असे नाव कोरलेले आहे. मी एक जुनी पितळी वाटी. जन्म तांबटाच्या ठोक्याखाली झाला. ते सांगत बसत नाही, ठोके सगळ्यांनाच बसतात. सरळ युद्धाकडे येते.

लालबागच्या आमच्या चाळीत जाईबाई आणि बकुळा शेजारी. गॅलरीत जाईबाई खारवलेले बांगडे वाळत घाली, बकुळा पापड. वारा कोणाचाच नव्हता. तो बांगड्यांचा वास पापडांवर नेई. बकुळाचा नवरा गंगाधर कारकून होता, रोज वर्तमानपत्र वाचून पंचशील सांगणारा. त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तह लिहिला.

कलम १. गॅलरीत खडूची रेघ.
कलम २. रेघेपलीकडे डोकावू नये.
कलम ३. (इथे आमटी सांडली आहे.)

जाईबाईच्या नवऱ्याने, दत्तारामने, सही केली. तह दुपारपर्यंत टिकला.

पण शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम तहाहून जुना. अबोल्यातही मी उसळ घेऊन जाई, खीर घेऊन येई. दोघी तोंड फिरवून मला रेघेवर ठेवत. बोलणी बंद, व्यापार चालू.

मग छप्पनचा जानेवारी. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात दोघे नवरे पकडले गेले आणि एकाच कोठडीत गळ्यात गळे घालून बसले. बाहेर संचारबंदी. तिसऱ्या दिवशी बकुळाच्या डब्यांत मिठाशिवाय काही उरले नाही. तिला सातवा महिना. मागायचे तर जाईबाईकडे, आणि मागणे म्हणजे शरणागती.

मी तेव्हा बकुळाच्याच फळीवर होते. मला परत देऊन संबंधच तोडायचे, असे तिने ठरवले. पण रिकामी कशी देणार? तिने माझ्यात मीठ भरले. मीठ दिले की भांडण होते म्हणतात. तिला तेच हवे होते.

मला रेघेवर आपटून (सातवा पोचा) ती म्हणाली, "ही तुमची वाटी, जाईबाई. आपलं देणंघेणं संपलं."

जाईबाईने मिठाकडे पाहिले. तिचे शेवटचे मीठ बांगड्यांना चोळून संपले होते, चुलीवर कुळथाची पिठी आळणी रटरटत होती. तिने मला आत नेले, मीठ बरणीत ओतले आणि चिमूटभर पिठीत टाकले. थोड्या वेळाने भाताचे ताट आणि पिठीने भरलेली मी, असे दोन्ही घेऊन ती रेघ ओलांडून थेट बकुळाच्या चुलीपाशी आली. बकुळाने नको म्हणून मान फिरवली.

"उपाशी माणसाशी भांडूक मजा येणा नाय गो," जाईबाई म्हणाली. "आधी जेव. उद्या सकाळी रीतसर भांडूया."

बकुळा जेवली. दोनदा वाढून घेतले.

सकाळी ठरल्याप्रमाणे भांडण झाले. नवरे सुटून आले तेव्हाही चालूच होते. गंगाधरने नव्या तहासाठी कॅलेंडर काढले. दोघींनी मिळून ते हिसकावून घेतले.

मित्रांनो, आता मी माळ्यावर असते, म्हणून उपदेशाला सवड आहे. मला अधूनमधून चिंचेने घासा. शेजाऱ्याशी पटत नसेल तर खुशाल भांडा, पण त्याची एखादी वाटी आपल्या घरी असू द्या. मोठमोठ्या देशांच्या फळीवर एकमेकांच्या वाट्या असतात की नाही, मला ठाऊक नाही. नसतील, तर कोणीतरी आधी चूल पेटवून एक वाटी भरून पाठवायला हवी.