मेसाकने वर आणलेला मणी

मी एक जुना लाल मणी आहे. मसुराच्या डाळीएवढा जीव, मधोमध भोक. तुम्ही म्हणाल, याचं कसलं आलंय आयुष्य! पण मित्रांनो, ऐका तरी.

मुळात मी मणी नव्हतोच. दूर समुद्रातल्या एका बेटाजवळ, लँगालँगाच्या खाडीबाहेर, खोल खडकाला चिकटलेला शिंपला होतो. काठाजवळचे लाल शिंपले लोकांनी केव्हाच काढून संपवले होते. आमच्यापर्यंत बुडी मारणारा गावात एकच माणूस उरला होता, मेसाक.

मेसाकची मुलगी लव्हलिन, तिचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे नवरी मण्यांच्या माळा घालून सासरी जाते. त्यांत लाल मणी नसले तर बायका जन्मभर नावं ठेवतात. म्हणून मेसाकने टोपलीभर शिंपले आणून दिले. त्यात खोल पाण्याच्या दाबाने त्याचा डावा कान गेला. "आता बास," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने, रोदाने, शिंपले फोडून त्यांच्या चकत्या केल्या आणि तापल्या दगडावर मांडल्या. खरी मेख इथेच आहे. आमचा लाल रंग विस्तवावर खुलतो. कमी तापलं तर फिका, जास्त तापलं तर काळा. रोदाला होडीने पाणी आणायला जायचं होतं. "दगडाकडे बघ गं," असं लेकीला सांगून ती गेली. लव्हलिन मैत्रिणींबरोबर लग्नाचा झगा घालून बघण्यात रमली. रोदा परत आली तोवर सगळ्या चकत्या करपून गेल्या होत्या.

"डोळे कुठे होते गं तुझे? आत्तापासूनच सासरी का?" रोदा कडाडली. लव्हलिन हमसून हमसून रडू लागली.

मेसाक सुपारी चघळत म्हणाला, "रडतेस काय, वेडे? समुद्र काय पळून चाललाय? अजून एक बुडी मारतो."

"काल कानदुखीने गडाबडा लोळत होतात ना!" रोदा म्हणाली.

"एक गेला तर गेला. दुसरा आहे की!"

दुसऱ्या दिवशी तो माझ्यापर्यंत आला. पहारीने त्याने मला खडकावरून उचकटलं. त्याच्या उजव्या कानातून रक्ताची बारीक धार पाण्यात पसरत होती. ती मला दिसत होती. वर जा रे बाबा, असं फार वाटलं. पण शिंपला काय करणार? तो आणखी शिंपले काढत राहिला आणि मी त्याच्या पिशवीत नुसता पडून राहिलो.

या खेपेला रोदा दगडापासून हलली नाही. माझा तुकडा पिकल्या मिरचीसारखा लाल झाला. लव्हलिनने स्वतः दोरीचं गिरमिट वरखाली करून मला भोक पाडलं. मग आम्हाला तारेत ओवून ओल्या दगडावर घासघास घासलं, तेव्हा कुठे अंगावर गुळगुळीत गोलाई आली. सगळं गाव म्हणालं, "असा लाल आम्ही कधी पाहिला नाही!" मेसाक सगळ्यांकडे बघून नुसता हसत होता. लोकांना वाटलं, लेक चालली म्हणून गप्प आहे.

लग्न झालं. होडी सुटली. लव्हलिनच्या गळ्यात मी अगदी कंठावर होतो. मेसाक पाठमोरा उभा राहून बुडी मारताना धरायच्या दगडाला दोर गुंडाळत होता. "बाबा!" तिने हाक मारली. माझ्या अंगाखाली तिचा कंठ थरथरला. "बाबा!" तिने पुन्हा जोरात हाक मारली. तो वळला नाही. रोदाने त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तो वळला आणि आनंदाने दोन्ही हात हलवू लागला. लव्हलिनने तिसरी हाक मारलीच नाही. तिला सगळं कळलं होतं. ती सासरी पोचेपर्यंत रडत होती आणि मी भिजत होतो.

मित्रांनो, माळ घालून खुशाल मिरवा. पण ती तुमच्या गळ्यात यावी म्हणून कुणी काय सोसलं, ते आधी विचारा. तो माणूस हसून उत्तर देईल. त्या हसण्यावर जाऊ नका.

आता लव्हलिन माहेरी आली की बापाजवळ बसते. त्याचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवते आणि बोलत राहते. त्याची बोटं माझ्यावर असतात, त्यांना नुसती थरथर कळते. तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येतो. आणि त्याला सांगायला मला तोंड नाही.