एकशे सत्तेचाळिसावी सही

तिने स्क्रू चिमट्यात धरून चष्म्याच्या बिजागरीत टेकवला आणि नेमकं तेव्हाच विमान गेलं. काउंटरची काच थरथरली, भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमा खुळखुळल्या आणि तिळाएवढा स्क्रू कुठेतरी उडाला. सकाळपासूनचा हा तिसरा.

"अजून चाचणीच चाललीय," चष्म्याच्या दुकानाचे मालक कानातली बोटं काढत म्हणाले. "आत्ता दोनच येतात. हवाई तळ झाला की चोवीस येणार, कायमची. पण तुझी ताई काही होऊ द्यायची नाही. बाई नव्हे, तोफ आहे."

"हो ना," ती म्हणाली आणि खाली बसून फरशीवर लोहचुंबक फिरवू लागली. डोकं टेबलाखाली असलं की चेहरा सांभाळावा लागत नाही.

महिनाभर हेच चाललं होतं. वस्तीला लागून असलेल्या धावपट्टीवर लढाऊ विमानं ठेवू नका, म्हणून ताईने अर्ज काढला आणि तेव्हापासून अख्खी वस्ती ताईची झाली. नवरा जेवताना ताईच्या भाषणातली वाक्यं म्हणून दाखवायचा. पोटची लेक मावशीकडे फलक रंगवायला जायची आणि परत येताना मावशीचे हातवारे घेऊन यायची. सासूबाईंनी उभ्या जन्मात सुनेचं कौतुक केलं नव्हतं. सुनेच्या बहिणीचं करताना मात्र त्यांना शब्द पुरत नव्हते.

तेही तिने गिळलं असतं. पण सह्या गोळा करत ताई दारोदार फिरली, शेजारच्या ठार बहिऱ्या आजोबांपाशी आवाजाचा त्रास समजावत अर्धा तास बसली आणि हिच्या दाराशी फिरकलीच नाही. पंधरा दिवस ही संध्याकाळी चहाचं आधण जरा जास्तच ठेवत होती. ताई आली की थोडे आढेवेढे घ्यायचे, जरा ताणून धरायचं, मग सही करायची, असं सगळं मनात बेतलेलं. आणि एके दिवशी कळलं, अर्ज गेलासुद्धा. नाही तर नाही. आपल्या सहीवाचून राणीसाहेबांचं काय अडणार होतं?

दुपारी खांद्याला बॅग लावलेला एक सरकारी कारकून दुकानात आला. तिचं नाव विचारून त्याने काउंटरवर फाइल उघडली.

"तळाविरुद्धचा अर्ज आहे ना, त्यातल्या दहा सह्या चिठ्ठ्या टाकून काढल्यात, पडताळायला. एकशे सत्तेचाळीस नंबरची तुमची. हीच ना?"

तिने वाकून पाहिलं. नाव तिचंच होतं, सासरच्या आडनावासकट. पण ठसठशीत, एका रेषेत बसलेली अक्षरं आणि शेवटच्या अक्षराखालून डौलात मागे वळलेली शेपटी. तिची स्वतःची सही म्हणजे कोंबडीचे पाय. ही सही कुणाची, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

म्हणजे ताई विसरली नव्हती. विचारायचं असतं, एवढंच तिला सुचलं नव्हतं. शाळेच्या सहलीत हिचं नाव ताईच घालायची, नाटकातून ताईच काढायची. कुणी हटकलं तर म्हणायची, "तिला काय विचारायचं? ती माझीच आहे."

"आणि सही माझी नसली तर?" तिने विचारलं.

"एक जरी खोटी निघाली, तरी सगळा अर्ज बाद. मग तळ मंजूर झालाच म्हणून समजा," कारकून म्हणाला. "मला काय, तुम्ही सांगाल ते लिहून नेणार."

मालक काच पुसता पुसता थांबले होते.

एक 'नाही' म्हटलं की काम होतं. सगळ्या वस्तीसमोर तोफ गार. तिने तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. गोड होता. इतका गोड, की तो गिळायला तिला जरा वेळ लागला.

"माझीच आहे," ती म्हणाली.

"मग इथे एक करा. जुळवून बघावी लागते." त्याने मूळ सहीवर तळहात ठेवला. "बघून नाही हं."

तिने पेन घेतलं. लहानपणी ताई खेळायला गेली की ही तिच्या जुन्या वह्या काढायची. पातळ कागद वर ठेवून ते अक्षर गिरवत बसायची, दुपारच्या दुपारी. कागद नसला तरी जमायला लागलं, तेव्हाही तिने ते कुणाला दाखवलं नव्हतं.

हात जराही थांबला नाही. शेपटी आपसूक मागे वळली.

कारकुनाने तळहात उचलला, दोन्ही सह्या शेजारी धरल्या, मान तिरकी करून पाहिल्या आणि खाली शेरा लिहिला.

"जुळतेय. अक्षर सुरेख आहे हो तुमचं. असं हल्ली बघायला मिळत नाही."

"आमच्या ताईचं बघायला हवं तुम्ही," ती म्हणाली.