उब्बस म्हणजे दमा नव्हे!

आर्या शिंकली की बसवनगुडीतल्या त्या घरात सगळ्यात आधी शुभदाकडे बघितलं जायचं. शिंक सात वर्षांच्या पोरीची, आणि आरोपी तिची आई!

"रविवारी न्हाऊ घातलीस आणि केस ओलेच ठेवलेस. बघ आता!" तिच्या सासूबाई, अंबूबाई, म्हणायच्या. पंखा लावला तरी शुभदा चुकली, दही दिलं तरी शुभदाच चुकली. पोरीच्या कोपराच्या खोबणीत खाज उठून चट्टे पडले, तेव्हा अंबूबाईंनी ते पुण्याहून, शुभदाच्या माहेरून आलेल्या साबणावर ढकललं. साबण बदलला, चट्टे तिथेच. मग त्या म्हणाल्या, "साबण नव्हे, पुण्याचं रक्तच कोरडं. आमच्या घराण्यात असलं कुणाला काही नाही."

आता तुम्ही म्हणाल, सासू मोठी खाष्ट दिसते. तसं मुळीच नव्हतं. निपाणीहून लग्न होऊन बंगळुरात येऊन अंबूबाईंना चाळीस वर्षं झाली होती. अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलायच्या आणि दोन्ही भाषांत माया करायच्या. शुभदा बँकेतून दमून आली की कॉफीचा पेला तिच्या हातात आयता यायचा. आर्या तर त्यांचा जीव की प्राण. पण 'आमच्या घराण्यात' हे दोन शब्द तोंडात आले की बाईंचा ताठा बघण्यासारखा असे.

शुभदाने एकदा सरळच विचारलं होतं, "आई, खरंच आपल्याकडे कुणाला दमा नव्हता?"

"नाही म्हणजे नाही. दमा कसला? आणि हळू बोल की गं, भाग्यलक्ष्मीचं अजून व्हायचंय."

भाग्यलक्ष्मी ही त्यांची धाकटी लेक. बनशंकरीतल्या एका घरातून तिच्यासाठी चांगलं स्थळ आलं होतं. घरात आजार आहे अशी नुसती कुजबुज झाली तरी पाहुणे माघारी फिरतात, हे अंबूबाईंना पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असतं. म्हणून तर आपण सगळेच गप्प बसतो!

शहाण्णव सालच्या ऑगस्टात आर्याच्या शाळेत फ्लूची साथ आली. वर्गातली बाकीची पोरं तीन-चार दिवसांत उठून हुंदडायला लागली, पण आर्या काही उठेना. प्राणेश, म्हणजे तिचे बाबा, कंपनीच्या कामासाठी मद्रासला गेलेले. सासू-सुना मिळून तिला गांधी बाजारातल्या डॉक्टर रघुपतींकडे घेऊन गेल्या. डॉक्टर मूळचे कन्नड, पण शिकले मिरजेला. त्यामुळे मराठी माणूस दिसला की ते हौसेने मराठीच बोलत.

त्यांनी छाती तपासली. "स्वल्प शिट्टी ऐकू येते. घरात कुणाला दमा, ॲलर्जी?"

"नाही," अंबूबाई झटक्यात म्हणाल्या.

"वडिलांकडे? आजोबांना?"

"कुणालाही नाही."

"सरी, ठीक आहे. मग कदाचित फ्लूपुरतंच असेल. औषध देतो. पण श्वास वाढला तर थांबू नका, तसंच घेऊन या." शुभदाने सासूकडे बघितलं. अंबूबाई आर्याच्या स्वेटरची बटणं लावत होत्या. वरचं बटण लागलेलं होतं, तरी त्यांनी ते काढून पुन्हा लावलं.

तिसऱ्या दिवशी शुभदाला बँकेत जाणं भाग होतं. दुपारी अंबूबाई आर्याच्या उशाशी बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. पोर झोपली होती. आणि त्यांना तो आवाज ऐकू आला. चूल पेटत नसताना फुंकणीतून येतो तसला बारीक, ओढलेला आवाज. त्यांनी आर्याचा झगा वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

हा आवाज त्यांनी अठरा वर्षं शेजारी झोपून ऐकला होता. त्यांच्या यजमानांचा हाच आवाज! ते गेले तेव्हाही आधी असाच साथीचा ताप आला होता. चार दिवसांत सगळं आटोपलं. लोकांना सांगितलं, तापाने गेले. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं.

अंबूबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. त्यांनी शेजारच्यांच्या फोनवरून बँकेत निरोप ठेवला, आर्याला शालीत गुंडाळलं आणि रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. "बेग होगप्पा, बेग!" अशी रिक्षावाल्याला घाई करत त्या गांधी बाजारात पोचल्या तेव्हा पोरीचे ओठ पांढुरके पडले होते.

डॉक्टरांनी एका शब्दाने न विचारता आर्याच्या तोंडाला वाफेच्या औषधाचं यंत्र लावलं. मास्कमधून वाफ निघू लागली. आर्या डोळे विस्फारून आजीकडे बघत होती.

"डॉक्टर," अंबूबाईंचा आवाज चिरका झाला होता, "यांनाही असंच व्हायचं. उब्बस होता त्यांना. प्राणेशलाही होता, चार वर्षांचा होईपर्यंत. त्याला आठवतही नसेल."

डॉक्टरांनी मान वर केली. "अक्का, परवा विचारलं तेव्हा नाही म्हणालात!"

"तुम्ही दमा विचारलात. उब्बस कुठं विचारलात?"

"अहो अक्का, उब्बस म्हणजेच दमा! कन्नडात उब्बस, मराठीत दमा. रोग एकच!"

हे अंबूबाईंना माहीत नव्हतं का? होतं आणि नव्हतंही. त्यांच्या लेखी दमा म्हणजे देवळाच्या पायरीवर खोकत बसलेल्या म्हाताऱ्याचा रोग. उब्बस म्हणजे चांगल्या घरातल्या माणसाला थंडीत होणारा थोडासा त्रास. चाळीस वर्षं त्यांनी एकाच दुखण्याला दोन नावं देऊन त्यातलं एक घराबाहेर ठेवलं होतं. आज मात्र दोन्ही नावं नातीच्या छातीत एका सुरात वाजत होती.

"बघा," डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसले, "चट्टे, शिंका, दमा ही एकाच गोतावळ्यातली मंडळी. बरेचदा रक्तातून येतात, आजोबांकडून, बापाकडून. आईकडूनही. एकट्या कुणाच्या माथी मारता येत नाही. आणि ज्या घरात हा ॲलर्जीचा वारसा असतो, तिथल्या पोराला फ्लू जरा जास्तच झोंबतो, छातीत उतरतो. दोन्हींची मुळं रक्तात कुठंतरी एकमेकांत गुंतलेली असावीत असं मला वाटतं. शोध चालू आहेत, आज मी छातीठोक सांगणार नाही. पण घरात दमा आहे एवढं कळलं असतं, तर परवाच मी हिला तोंडाने औषध ओढायचा पंप दिला असता. ताप उतरायची वाट बघत बसलो नसतो."

"पंप? तो लागला की सुटत नाही म्हणतात."

"चष्मा लागला म्हणून कुणी डोळे लपवतं का, अक्का? लपवून मात्र माणूस जातो."

अंबूबाईंनी पदर तोंडाला लावला. दाराशी कसलीशी चाहूल लागली म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर शुभदा उभी! निरोप मिळताच ती धावत आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"सात वर्षं, आई," ती हळूच म्हणाली. "तिच्या प्रत्येक शिंकेला मी मलाच दोष देत आले. रात्ररात्र विचार करायचे, माझं कुठे चुकलं."

"तुझं नव्हे गं, माझं चुकलं!" अंबूबाईंना रडू आवरेना. "घराण्याचं नाव जपता जपता पोरीला घालवून बसले असते मी!"

शुभदाचा राग खरा होता आणि तो काही त्याच क्षणी विरघळला नाही. ती आर्याजवळ जाऊन बसली, तिचे पाय चोळू लागली. बऱ्याच वेळाने, आर्याचा श्वास शांत झाल्यावर ती म्हणाली, "आवाज तुम्ही ओळखलात म्हणून वेळेत आलो. मला तो कळला नसता." आणि तिने सासूला बाकावर आपल्या शेजारी जागा करून दिली.

पुढच्या महिन्यात बनशंकरीचे पाहुणे भाग्यलक्ष्मीला बघायला आले. उप्पीट झालं, कॉफी झाली. मुलाच्या आईने ठरलेला प्रश्न विचारला, "घरात आजारबिजार काही नाही ना?"

भाग्यलक्ष्मी ताटल्या उचलता उचलता थांबली. अंबूबाईंनी एकदा लेकीकडे, मग नातीकडे बघितलं.

"आहे की. उब्बस आहे." त्यांनी पदर सावरला. मग पाठ सरळ करून म्हणाल्या, "उब्बस म्हणजे दमा! यांना होता, प्राणेशला होता, नातीला आहे. तिचा पंप ह्या फडताळात असतो. लेकीला आजवर झाला नाही, पण तिच्या पोरांना होऊ शकतो. साथ आली की जपावं लागतं. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा."

मुलाच्या आईने पेला खाली ठेवला. मग ती खुर्ची पुढे सरकवून, लेकाकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर कुठले तुमचे? आमच्या अजिंक्यच्या आजोबांना... आमच्या घरात त्याला थंडीची प्रकृती म्हणतात."

आधी शुभदा हसली, मग अंबूबाई, मग सगळं घर हसलं! मुलाचे वडील मात्र थोडे उशिराच हसले. लग्नाचा मुहूर्त ठरायच्या आधी दोन्ही घरं एकाच दवाखान्यात जाऊन आली.

वाचकहो, आपणही आपल्या घरात डोकावून बघू या. कुठल्या दुखण्याला आपण लाडकं नाव देऊन झाकून ठेवलं आहे? आजोबांचा खोकला, आत्याची खाज, मामाची धाप, यांत लाज कसली? रक्तातून आलेल्या दुखण्यात कुणाचाच गुन्हा नसतो, सुनेचा तर नाहीच. गुन्हा असतो तो लपवण्यात. डॉक्टरांपुढे खरं बोला. पुढच्या पिढीला दागिने द्याल तेव्हा ही माहितीही द्या.

अंबूबाईंनी ते ताबडतोब करून टाकलं. आर्याच्या शाळेच्या वहीत मागच्या पानावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'आमच्या घराण्यात दमा आहे.' आणि खाली कंसात, सवयीने, 'उब्बस'.