घासलेला जोड

चांगला जोड कसा ओळखायचा, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. तेव्हा ती लहान होती, त्यांचा डबा घेऊन वेल्डिंगच्या शेडमध्ये यायची.

"वितळलेल्या लोखंडाच्या लाटा बघ," ते म्हणायचे. "एकीवर एक कलंडलेल्या, सगळ्या सारख्या. कडेला खाच नको, मध्ये भोक नको. आणि लाट दोन्ही लोखंडांत मुरलेली हवी. नुसती वर बसली असेल, तर तो जोड नव्हे, पाहुणा. केव्हाही उठून जाईल." मग बोट उगारून म्हणायचे, "आणि घासून गुळगुळीत केलेल्या जोडावर कधी विश्वास ठेवू नकोस. ज्याला झाकायचं असतं, तो घासतो."

आता त्याच शेडमध्ये ती तपासणीचं काम करत होती. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाणाऱ्या गाड्या इथे दुरुस्तीला यायच्या. खाणीतल्या, जंगलातल्या, नदीच्या पात्रातून धावणाऱ्या. अशा गाडीचा ॲक्सल, म्हणजे चाकं धरणारा आस, हे तिचं कंबरडं. ते मोडलं की बाकी सगळं शाबूत असून काय उपयोग?

त्या सकाळी खाणीवर माणसं नेणारी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवलेली होती. स्प्रिंग जिथे टेकते ती बैठक ॲक्सलच्या नळीला नव्याने जोडायची होती. ते काम आदल्या दिवशी बाबांनी केलं होतं. ती खाली सरकली आणि चिंधीने जोड पुसला. एरवी ती एवढंही करत नसे. इतरांचं काम ती भिंग लावून बघे, पण बाबांचा जोड न बघताच पुढे पाठवायचा. आज गाडी माणसं नेणारी, म्हणून पुसला, तर चिंधी कुठे अडलीच नाही. साबणाच्या वडीवरून फिरावी तशी सुळकन फिरली. लाटा नव्हत्याच. सगळं घासलेलं होतं.

"काय ताई, आरसा सापडला का?" बाहेर उकिडवा बसून चहा पिणारा ड्रायव्हर म्हणाला. "सापडला असेल तर सांगा, भांग पाडून घेतो."

"थोडा वेळ लागेल."

"अहो, मिस्त्रींच्या कामात काय बघायचं? सोनाराने कान टोचले, तुम्ही आता भोकं मोजत बसणार?"

तिने तपासायचा लाल रंग जोडावर फवारला. चीर असेल तर हा रंग तिच्यात शिरून बसतो. वरचा रंग पुसायचा आणि पांढरी भुकटी मारायची. आत शिरलेला रंग मग हळूहळू त्या पांढऱ्यावर उमटतो. चीर नसेल तर पांढरं पांढरंच राहतं. ती बघत राहिली. थोड्या वेळाने नळीच्या कडेने दोरा ओवावा तशी एक लाल रेघ वर आली आणि जोडाच्या अर्ध्यापर्यंत धावली.

शेडमध्ये एक रीत होती. तपासणाऱ्याने वाईट जोडाभोवती पिवळ्या खडूने गोल काढायचा, कुणाचं नाव घ्यायचं नाही. ज्याने जोडलं, त्याने आपणहून यायचं, ग्राइंडर उचलायचा आणि आपला जोड आपणच कापायचा. आजूबाजूच्यांनी तोंड उघडायचं नाही. ही रीतही बाबांनीच घातली होती. त्यांच्या जोडाभोवती मात्र अजून कधी गोल पडला नव्हता.

खडू तिच्या हातात होता. गोल काही काढवत नव्हता.

"काय अडलंय?" म्हणत बाबा वाकून आत आले. मान जरा तिरकी केली. हल्ली ते असंच बघायचे. आई चिडवायची, "म्हातारपणी नवरा माझ्याकडे तिरका बघायला लागलाय, शेजारणींनो सांभाळा." बाबांनी पांढऱ्या भुकटीवरून बोट फिरवलं. थेट त्या लाल रेघेवरून. बोट लाल झालं, तसंच त्यांनी ते विजारीला पुसलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पाठव."

रेघ त्यांना दिसलीच नव्हती.

"हो" म्हणणं किती सोपं होतं. ड्रायव्हर खुशीत गेला असता, बाबा उद्या आपल्या जागेवर उभे राहिले असते. आणि खाणीच्या वळणावर, मागे माणसं दाटून बसलेली असताना, पाहुणा उठून गेला असता.

तिने खडू टेकवला. लोखंडावर खडू करकरला. बाबांनी तो आवाज ऐकला.

"कुठे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

तिने त्यांचं बोट धरलं, रेघेच्या टोकावर ठेवलं आणि दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

"बरीच आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी ग्राइंडर उचलला. रीत ती रीत. ती शेजारी बसून सांगत होती, "जरा डावीकडे. आता सरळ. बाबा, थांबा." तरी चकती जोड सोडून चांगल्या नळीत शिरली. थोड्या वेळाने पुन्हा शिरली. तेव्हा पलीकडच्या टेबलावरून पैलवान उठून आला. हा दुसरा वेल्डर. अंगाने अगरबत्ती, म्हणून नाव पैलवान. त्याने हात पुढे केला. बाबांनी ग्राइंडर त्याच्या हातात दिला.

जोड उघडला तेव्हा आत काळी फट दिसली. भरलेलं लोखंड नळीला चिकटलंच नव्हतं.

"पाहुणाच होता," बाबा म्हणाले.

पैलवानाने चांगलं लोखंड लागेपर्यंत कापलं आणि नळीला बाबांनी पाडलेल्या खाचा भरून घेतल्या. ज्योत फिरवून नळी गरम केली. मग थोडं या बाजूने, थोडं त्या बाजूने असं जोडत गेला, कारण एकाच बाजूने ओढत नेलं तर नळी धनुष्यासारखी वाकते. जोड सावकाश निवावा म्हणून वर जाड पांघरूण घातलं. पूर्ण थंड झाल्यावर तिने पुन्हा लाल आणि पांढरं फवारलं. या वेळी पांढरं पांढरंच राहिलं.

"झालं एकदाचं," ड्रायव्हर म्हणाला. "मिस्त्री, तुमचा हात लागला की आम्ही डोळे मिटून गाडी हाकतो."

"हात त्याचा आहे," बाबांनी पैलवानाकडे मान केली. "माझा जोड वाईट निघाला. कापून काढला."

"चेष्टा करता काय?"

"नाही."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ताई, राग मानू नका, पण हा नवा जोड तुम्हीच तपासलात ना? आणि आधीचे सगळेही तुम्हीच?"

"मीच."

त्याने खिशातून टॉर्च काढला, गुडघे टेकले आणि स्वतः गाडीखाली शिरला. बराच वेळ खाली होता. बाहेर आला, कपडे झटकले आणि एकही विनोद न करता गाडी घेऊन गेला.

बाबा ओट्यावर बसले. ती समोर उभी राहिली.

"कधीपासून?"

"सरळ बघितलं की मधोमध भोक पडतं. कडेचं सगळं दिसतं. तुझी आई दिसते, तिचं नाक दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं."

"आणि घासायला कधी लागलात?"

"लाटा वेड्यावाकड्या पडताहेत हे बोटाला कळायला लागलं तेव्हापासून. वाटलं, तू बघशीलच. तू काही बोलली नाहीस, म्हणजे आत ठीक असेल."

ते तिच्या भरवशावर होते आणि ती त्यांच्या. मधल्या मध्ये गाड्या निघून गेल्या होत्या.

"कुणाकुणाच्या गाड्या, बाबा?"

त्यांनी डोळे मिटले. कामाचं त्यांना सगळं लक्षात होतं. "लाकूडवाल्याची. मग धरणावरच्या इंजिनियरबाईंची. आणि पुलाच्या कामावरची, ती हिरवी."

तिने फोन काढला. लाकूडवाला म्हणाला, गाडी दारातच आहे, हलवत नाही. इंजिनियरबाईंनी आधी चार शब्द सुनावले, मग गाडी उद्या ओढून आणते म्हणाल्या. तिने ऐकून घेतलं. मग तिसरा नंबर लावला.

वाजत राहिला आणि बंद झाला.

"डोंगराआड असेल," पैलवान म्हणाला. "तिकडे फोन लागत नाही."

"लागतोय," ती म्हणाली. "कुणी उचलत नाही."

बाबांनी मान तिरकी केली. तिच्या हातातला फोन डोळ्याच्या कडेने दिसावा म्हणून असेल.

"परत लाव," ते म्हणाले.

तिने परत लावला.