चार पानांची सिद्धता

दूध करपल्याचा वास शेजारणीला आला, प्राध्यापकांना आला नाही. ती दार ठोठावून आत आली तेव्हा ते पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते आणि पातेल्याचं बूड काळंठिक्कर पडलं होतं.

"गॅस मी बंद केला होता," ते ठामपणे म्हणाले. महिन्याभरातली ही तिसरी खेप.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी दूरच्या शहरात. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि रोज ते सांगायचे, "मी ठणठणीत आहे." शेजारणीच्या आग्रहावरून ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा डॉक्टरांनी तारीख विचारली, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. "सर, तुम्ही आम्हालाच शिकवाल," म्हणून हसले. प्राध्यापकांना हसू आलं नाही. सात वजा करणं त्यांना झोपेतसुद्धा जमलं असतं.

तीस वर्षं ते कॉलेजात एक सिद्धांत शिकवत आले होते. त्याची सुरुवात एका विचित्र विधानापासून व्हायची. ते विधान स्वतःबद्दलच म्हणतं, 'मला सिद्ध करता येणार नाही.' तिथून पायरी पायरीनं पुढे गेलं की कळायचं, गणितात विसंगती नसेल, तर ती नाही हे गणिताला आपल्याच नियमांनी सिद्ध करता येत नाही. तेव्हा हे फळ्यावरचं होतं. आता ते मानगुटीवर बसलं. डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे तपासणार कोण? तेच डोकं.

एका सकाळी त्यांनी टेबल आवरलं आणि ती अख्खी सिद्धता आठवणीनं लिहून काढली. चार पानं झाली. तीनदा वाचली. कुठे खोट दिसेना. पण गॅसचीही त्यांना अशीच खात्री होती.

तपासायला एकच माणूस होता. त्यांच्याच विभागातला, तिरप्या अक्षरामुळे सगळे ज्याला 'तिरका' म्हणत तो. प्राध्यापकांच्या निरोपसमारंभात, भर सभेत उठून त्यानं त्यांच्या शेवटच्या निबंधातली चूक दाखवली होती. चूक खरी होती. त्या दिवसापासून अकरा वर्षं दोघं बोलले नव्हते. प्राध्यापकांनी पाकिटात पानं घातली, सोबत एक ओळ लिहिली, 'बरोबर आहे का, एवढंच सांग,' आणि विचार बदलायच्या आत पाकीट टपालपेटीत टाकलं.

आठवडा गेला. दुपारच्या जेवणाला ते ताट वाढून घेत आणि पोस्टमन येऊन जाईपर्यंत घास तोंडात घालत नसत.

नवव्या दिवशी पाकीट घेऊन तिरका स्वतःच दारात उभा राहिला. खूप वाळला होता. बसताच त्यानं पानं टेबलावर मांडली.

"एकही ओळ चुकलेली नाही," तो म्हणाला.

प्राध्यापकांनी श्वास सोडला.

"पण तीन पानांची सिद्धता तू चार पानांत लिहिलीयस. हे बघ. पान दोन आणि पान तीन."

प्राध्यापकांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. तेच शब्द, त्याच ओळी, ओळीही त्याच जागी तुटलेल्या. पानाचा आकडा तेवढा वेगळा.

"तीनदा वाचलं मी," ते पुटपुटले.

"माहितेय. तू नेहमी तीनदाच वाचतोस."

"पत्रानं कळवायचंस की."

"हे पत्रानं कळवायचं?" तिरका म्हणाला. मग त्यानं अवघडल्यासारखं विचारलं, "चहा करू? तू बस. मी करतो."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत राहिला. या घरात दुसऱ्या कुणी चहा टाकल्याला चार वर्षं झाली होती. प्राध्यापक पानांवरून बोट फिरवत होते. अक्षर किती स्थिर होतं! त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

चहा पिऊन तिरका उठला. "गुरुवारी येतो," म्हणाला.

दार लागलं. घर पुन्हा गप्प झालं. संध्याकाळची वाट न बघता त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा? आत्ता? काय झालं?"

"काही नाही," ते सवयीनं म्हणाले. मग थांबले. "झालंय. मला एकदा नीट तपासून घ्यायचंय. मोठ्या दवाखान्यात. मला एकट्याला नाही जमायचं."

पलीकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"मी निघते," मुलगी म्हणाली.

"सावकाश ये," ते म्हणाले आणि फोन ठेवल्यावरही खुर्चीतून उठले नाहीत.