धमाक्याच्या मागून

रुचिराने फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला आणि तव्यावरची पोळी उलटली.

"पण कोणी पळत कसं नाही?" पुण्याहून सौमित्र विचारत होता. तिच्या पहिल्यावहिल्या कादंबरीचा तो संपादक. "कुंडमच्या जंगलात परग्रहावरची यानं उतरतात, धमाक्यांनी शहर हादरतं, आणि तुमचे जबलपूरकर भाजी निवडत बसतात!"

"त्यांना वाटतं, फॅक्टरीत तोफगोळ्यांचं टेस्टिंग चाललंय. इथे ते होतच असतं."

"मान्य. मग सगळ्यांच्या आधी तुमच्या नायिकेला, दीपाला कसं कळतं, की आजचं वेगळं आहे? पंधरा वर्षांची पोरगी जगते ती तेवढ्यामुळे. ते सापडत नसेल तर गोष्ट पुण्यात आणा. संध्याकाळपर्यंत कळवा. यंदा कुठली पुस्तकं काढायची, ते उद्या ठरतंय."

फोन ठेवला तरी तिचा हात त्यावरच राहिला. पुण्यातली दीपा तिला काही केल्या दिसेना.

"काय म्हणते तुझा पुणेकर?" पोळपाटावरून मान न उचलता तिच्या सासूबाईंनी, पुष्पाबाईंनी विचारलं.

"म्हणतो, तुम्ही लोक बहिरे आहात."

"अच्छा! त्याला म्हण, ये भैया, आठ दिवस राहून पाहा. दुसऱ्याच दिवशी स्टेशनवर जाऊन झोपशील."

रुचिराला हसू आलं. अंकुरशी लग्न होऊन अमरावतीहून आली तेव्हा तीही दर धमाक्याला दचकायची. वैष्णवी झाल्यावर तर तान्ह्या पोरीचे कान तळव्यांनी झाकून बसायची. पोरगी खुशाल झोपलेली असे. आता चार वर्षांची ती उंबऱ्यात बसून हिरव्या खडूने माणसांना तीन-तीन डोळे काढत होती.

धमाका झाला. खिडकीची काच थरथरली. वैष्णवीचा खडू चालतच राहिला.

रुचिराची नजर मात्र सासूबाईंच्या हातांवर गेली. लाटणं थांबलं होतं. मान किंचित दाराकडे कललेली. मग लाटणं पुन्हा फिरू लागलं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

"आई, थांबलात काहून?"

"कुठं थांबले? लाटून तर राहिली."

"थांबलात. मी पाहिलं."

"तुझ्या नजरेतून काही सुटत नाही बाई." पुष्पाबाईंनी पिठाचे हात झटकले. "तुझे सासरे फिलिंगमध्ये होते ना, गोळ्यांत दारू भरायला. आता आपला अंकुर तिथंच आहे. मैदानात गोळा फुटला तर फुटू दे, कामच आहे त्यांचं ते. पण आत काही झालं, तर मागून भोंगा वाजते. लंबा. मी धमाका ऐकतच नाही. भोंगा येते का, ते ऐकते."

"कधी आला का?"

"नाही. चलो, तव्याकडे पाहा. पोळी जळून राहिली."

रुचिराने गॅस बारीक केला आणि पुण्याला फोन लावला. या वेळी आधी तीच बोलली.

"गोष्ट जबलपूरमध्येच घडेल. इथं कोणी बहिरं नाही. धमाका झाला की घराघरात हात थांबतात. मागून भोंगा येत नाही, म्हणून पुन्हा कामाला लागतात. त्या दिवशी यानं फॅक्टरीलाच भिडतात आणि भोंगा येतो. दीपा सगळ्यांच्या आधी उठते, कारण तिची आजी जन्मभर तेच ऐकत आलीय. आणि लोक पळतात, सौमित्रजी. पण शहराबाहेर नाही. फॅक्टरीच्या गेटकडे. आपापल्या माणसाकडे."

"गेटकडे," तो हळूच म्हणाला. "लिहा. पुण्याचं विसरा."

तेवढ्यात धमाका झाला, मघापेक्षा जवळचा.

"बाप रे! रुचिराताई, हे काय होतं? सगळे ठीक आहात ना? हॅलो?"

रुचिराने हात वर केला, जणू तो त्याला दिसणार होता. मान दाराकडे कलली. फोनमध्ये तो हॅलो हॅलो करत राहिला. बाहेर एक स्कूटर गेली, कोणीतरी कोणाला हाक मारली. त्यांच्या मागे, दूरवर, काहीही नव्हतं.

"हं," ती म्हणाली, "बोला."